वाटीतला मातीचा गोळा

अण्णा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी स्वयंपाकघराच्या खिडकीतल्या वाटीला हात लावताना मी अजून तुमची परवानगी घेतल्यासारखी थांबते. तुमची कस्टम एजंटाची कामं आता मीच बघते. परवा भट्टीच्या मातीचा नमुना आला. तुमच्यासारखाच पाण्यात मळून त्याचा लिंबाएवढा गोळा केला आणि खिडकीत वाळत ठेवला. आई भाजी निवडत बसली होती. गोळ्याकडे बघून हसली, म्हणाली, "तुझ्या अण्णांचं खूळ तुझ्यातबी आलं व्हय."

ते खूळ मला किती आवडायचं. परदेशातून आलेली आगीत टिकणारी माती नुसती माती असेल तर टॅरिफच्या, म्हणजे कस्टमच्या दरांच्या, जाड पुस्तकात तिची जागा वेगळी, आणि सिमेंट घालून तयार केलेला भट्टीचा मसाला असेल तर वेगळी. मसाल्याला ड्यूटी जास्त. डोळ्यांना दोन्ही भुकट्या सारख्याच करड्या. तुम्ही पुंडलिकनगरच्या आपल्या घरी गोळा करून वाळवायचात आणि पाण्यात सोडायचात. विरघळला तर माती, अख्खा राहिला तर मसाला. मी एकदा विचारलं, बिलावर लिहिलेलं असतं की, मग हा उद्योग कशाला? तुम्ही डोळे वटारलेत. "बिल विकणाऱ्यानं लिहिलंय बाई. सही माझी जाणारे." आणि लगेच वाटी माझ्याकडे सरकवलीत, बघ म्हणून. मी वाटीत नाक घालून बसते, गोळ्याच्या कडेनं बुडबुडे निघतात, एकेक पापुद्रा सुटून तळाशी बसतो, आणि तुम्ही चहा पीत माझ्याकडे बघत असता.

मग ते भट्टीवाल्या काकांचं प्रकरण झालं. तुमचे छावणीतल्या शाळेपासूनचे दोस्त. त्यांच्या बिलावर साधी फायर क्ले, म्हणजे नुसती माती होती, आणि तुमचा गोळा पाण्यात दगडासारखा पडून राहिला. काका त्यांच्या घराच्या ओट्यावर उभे राहून म्हणाले, "अरे, मी सांगतोय ना माती हाय. माझ्यावर भरवसा नाय का तुझा?" तुम्ही मान खाली घालून म्हणालात, "भरवसा हाय. पण मसाला म्हणूनच दाखवावा लागंल." त्यांची भट्टी बंद पडून होती, म्हणून त्यांनी तक्रार नोंदवून जास्तीची ड्यूटी भरली आणि माल सोडवला. पुढं प्रयोगशाळेचा अहवाल आला. निव्वळ माती होती. पैसे परत मिळाले, पण काकांनी कागद दुसऱ्या एजंटाकडे नेले. बाजारात तुम्ही समोरून येताना दिसलात की रस्ता ओलांडायचे. दोस्तानं आपल्याला लबाड समजावं, हे त्यांच्या जिव्हारी लागलं होतं.

तुम्ही त्यानंतर गोळा केला नाहीत. पुन्हा करून बघू या, असं मी म्हटलं तर म्हणालात, "बास झालं. माझा हात खोटा निघाला." साध्या मातीचा मालही तपासणीला पाठवायला लागलात, सही करताना पेन कागदाच्या वर धरून बसायचात. मला फार राग यायचा, तुमचा नाही, त्या गोळ्याचा. शेवटच्या आजारपणातही तुम्ही काकांचं विचारलंत, आणि ते आले नाहीत.

तर परवा. हवा पावसाळी, माझा गोळा वाळेना. आई म्हणाली, "मागं अंगणात अजून चूल असती तर वाळवून दिला असता. तुझ्या अण्णांचा एकदा दिला होता. लई घाईत होते, भट्टीवाल्याचा माल अडकला होता म्हणं. भाकरी झाल्यावर इंगळात सारला, चांगला कडक झाला. राख पदरानं पुसून परत खिडकीत ठिवला. त्यांना कळलंबी नाय." आणि गालातल्या गालात हसत भाजी निवडू लागली. अण्णा, तो गोळा भाजला होता. भाजलेली माती कुठं विरघळते पाण्यात? घरातलं साधं मडकं विरघळतं का? तुमचा हात खोटा नव्हता हो. काकाही खोटे नव्हते. तुम्हाला मदत व्हावी म्हणून आईनं हौसेनं केलेलं काम होतं ते.

मी आईकडे पाठ करून ओट्याशी उभी राहिले. आईनं विचारलं, "मग पुढं काय झालं गं त्या गोळ्याचं?" तुम्ही आणि काका का तुटलात, हे तिला आजवर ठाऊक नाही. बाहेरचं तुम्ही घरात आणत नव्हता. मी म्हणाले, "काही नाही, माती आहे हे लगेच कळलं त्यांना. काम झालं." तिला बरं वाटलं. म्हणाली, "मग. वाळत नव्हता ना."

हे तुम्हाला कळावं म्हणून रात्रंदिवस जीव तुटतो माझा, आणि म्हणूनच लिहायला बसले. पण खरं सांगू? तुम्ही आज समोर असता तरी मी बोलले नसते. तुम्ही एकदा, फक्त एकदाच, आईकडे बघितलं असतंत, आणि ती तिथंच मोडली असती. मी तुमची लेक आहे असं सगळे म्हणतात. तिच्याशी खोटं बोलले, त्या क्षणी मी तिची झाले.