अव्वाला दिसायचं ते

उदगीर,
१९ मार्च १९८४

चि. सौ. शिवकांतास अण्णाचे पोटभर आशीर्वाद. बसवंतरावांना शरणार्थ सांग.

अक्षर वेडंवाकडं दिसेल. ओळीखाली पट्टी धरून लिहितोय, तरी घसरतं. तुझी वहिनी नीलाबाई म्हणाली, "तुम्ही सांगा, मी लिहिते." पण हे पत्र मलाच लिहायचं आहे.

इकडं सगळं ठीक. लातूर जिल्हा झाल्यापासून कचेरीच्या कामाला उस्मानाबाद गाठावं लागत नाही, एवढं एक सुख. कापडदुकान आता नीलाबाईच बघते. मी निळं पातळ मागणाऱ्या बाईपुढं हिरवं टाकलं. बाई भली, हसली फक्त.

डोळ्यांचं तुला कळवलं नव्हतं. समोर बघितलं की मधोमध काळा डाग, कडेचं तेवढं दिसतं. आणि शिवू, वर्षभरापासून मला माणसं दिसतात. वीतभर उंचीची, लाल पटके बांधलेली, कापडाच्या गठ्ठ्यांवर रांगेनं बसलेली. लोक काय म्हणतील या भीतीनं मी गप्प होतो. गेल्या महिन्यात न राहवून ओरडलो, "उतरा रे खाली!" नीलाबाईनं ऐकलं. मला वाटलं, आता ही रडणार. तर ती शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "किती जण हायत?"

तिनंच लातूरला डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेलं. तरुण पोरगा, पण शांत. त्यानं विचारलं, "ती माणसं बोलतात?"

"न्हाई."

"ती खरी नाहीत, हे कळतं तुम्हाला?"

"कळतंय की."

"मग काका, तुमचं डोकं ठणठणीत आहे. नजर गेलेल्या पुष्कळांना असं दिसतं. डोळ्यांकडून काही येईनासं झालं की मेंदू आपल्या मनानं चित्रं काढतो. भूत नाही, वेड नाही."

मी तिथंच रडायला लागलो. त्याला वाटलं, जीव भांड्यात पडला म्हणून. मला आपली आई आठवली होती, अव्वा.

बहात्तरच्या दुष्काळात विहिरी तळाला गेलेल्या, आणि तिच्या डोळ्यांवर पडदा आलेला. तेव्हा ती म्हणायची, "अंगणात पाणी भरलंय बघ, बगळे उतरलेत." गल्ली हसायची. कुणी म्हणे वेड लागलं, कुणी म्हणे बाहेरचं लागलं. तू तेवढी विचारायचीस, "किती बगळे, अव्वा?"

तुला बघायला नांदेडचे पाहुणे आले, त्या दिवशी अव्वा निलंग्याला मावशीकडं गेली, असं मी तुला सांगितलं होतं. ती कुठंच गेली नव्हती. पाहुण्यांपुढं बगळ्यांचं काही बोलली तर सोयरीक मोडेल, म्हणून पहाटेच मी तिला दुकानामागच्या गोदामात बसवलं आणि बाहेरून कुलूप लावलं. दिवेलागणीला उघडलं, तर ती पदर नीट करून विचारते, "पसंत पडली का माझी शिवू?"

त्यानंतर कधीही विचारलं की ती म्हणायची, "आता काही दिसत न्हाई रे." मला वाटलं, बरी झाली. ती मला भ्यायला लागली होती, म्हणून गोदामाचं तुलाही कधी बोलली नाही, हे आत्ता कळतंय.

तुझ्या लग्नात तू तिच्याशी धड बोलली नाहीस. लेकीला बघायला आले तरी आई थांबली नाही, हा राग मनात धरून तू सासरी गेलीस. दोन वर्षांनी आलीस ती तिच्या मातीला. बारा वर्षं मी तुझा राग बघितला आणि तोंड उघडलं नाही. अव्वावरचा तो राग आजपासून सोड. तो माझ्या वाट्याचा आहे.

गुरुवारच्या एस.टी.नं मी आणि नीलाबाई नांदेडला येतोय. माझ्यासाठी गोडाधोडाचं काही करू नकोस. मनात येईल ते तोंडावर बोल. तुझा चेहरा मला नीट दिसणार नाही, म्हणून मोठ्यानं बोल.

तुझा आणि अव्वाचा गुन्हेगार,
पण तुझा अण्णाच,
गुरुलिंग