धीरजचे ताट, माझा गडवा

मी, बंडूजी तानबाजी साटोणे, वय चौऱ्याहत्तर, धंदा भांड्यांचे दुकान, राहणार हिंगणी, तालुका सेलू, जिल्हा वर्धा, माझ्यामागे काय व्हावे ते लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. छातीत पाणी होते म्हणून घाई आहे. कोणी शिकवले नाही, कोणी दटावले नाही. दटावायला धाकटा मुलगा गजेंद्र घरात असतोच, म्हणून आज त्याला सेलूला माल आणायला पाठवले आहे.

१. माझ्यामागे पत्नी सुमित्राबाई आणि गजेंद्र राहतील. थोरला धीरज गेल्या वर्षी नागपूर रस्त्यावर अपघातात गेला. त्याची पत्नी मयुरी व मुलगी आचल वर्ध्याला खोली करून राहतात. घर आणि दुकान माझ्या कमाईचे आहे, वडिलार्जित नाही.

२. घरात सुमित्राबाई शेवटपर्यंत राहील. बँकेतली ठेव तिचीच. उभा जन्म माझ्याशी भांडून तिने ती कमावली आहे.

३. भांड्यांवर नावे टाकायची मशीन आचलला द्यावी. पंचक्रोशीतल्या लग्नांची नावे मी याच मशीनने टाकली. पुंडलिकराव झाडे यांच्या परातीवर सुनेचे माहेरचे आडनाव पडले, तेव्हापासून त्यांनी बोलणे टाकले होते. आज ते साक्षीला बसले आहेत, म्हणजे ते प्रकरण मिटले असे समजावे.

४. आता मुख्य गोष्ट. धीरजने आचलसाठी बिटकॉइन घेऊन ठेवले होते. त्याच्या तीन चाव्या केल्या: एक त्याची, एक माझी, एक बंगळूरच्या कंपनीची. तीनपैकी कोणत्याही दोन लागल्या की बिटकॉइनची पेटी उघडते. तो म्हणाला होता, "बाबा, एकट्याच्या हाती काई ठेवू नाई. मले काई झालं तं तुमी आन कंपनी मिळून आचलले देजा."

चावी म्हणजे चोवीस इंग्रजी शब्द. कागदाला वाळवी लागते, म्हणून त्याचे शब्द मी त्याच्या जेवायच्या ताटाच्या बुडावर कोरले आणि माझे माझ्या पाण्याच्या गडव्याच्या बुडावर. मला इंग्रजी येत नाही. गिऱ्हाइकाने लिहून दिलेले नाव उतरवतो तसे अक्षर न् अक्षर उतरवले. ते शब्द इथे लिहीत नाही, कारण मृत्युपत्र दहा जण वाचतात.

५. पुढे कंपनी बंद पडली आणि पाठोपाठ धीरज गेला. कंपनीने जाताना पाठवलेली फाईल मयुरीजवळ आहे. तिन्ही चाव्यांची ओळख तिच्यात आहे. ती नसेल तर दोन चाव्या हाती असूनही पेटी कुठली ते सापडत नाही. मी हाय खाल्ली होती, पण आचल म्हणाली, "आबाजी, कंपनी नाई तं नाई. बाबाचं ताट, तुमचा गडवा आन आईची फाईल, बस झालं." आम्ही तसेच उठून स्वयंपाकघरात गेलो. फळीवर धीरजचे ताट नव्हते.

६. गजेंद्रने ओसरीवर चार माणसांत सांगितले की वहिनीने लपवले. मयुरीने आपल्या पिशव्या आणून माझ्यापुढे ओतल्या. साड्या, आचलची पुस्तके, धीरजचा एक सदरा, सगळे फरशीवर पडले. "घ्या मामाजी, तपासून घ्या. मंग जातो मी." पोरीला घेऊन ती गेली ती आजतागायत या घरी आली नाही. मी येथे जाहीर करतो की मयुरीने काहीही घेतलेले नव्हते.

७. ताट तेरवीत गेले होते. आमच्यात मेलेल्याचे जेवायचे ताट, पाण्याचा गडवा घरात ठेवत नाहीत, भाच्याला दान देतात. सुमित्राबाईने ते माझा भाचा कैलास, राहणार गिरड, याला दिले. बुडावर काय आहे ते तिला माहीत नव्हते. नंतर कळले, तरी ती गप्प राहिली. मयुरीच्या पिशव्या ओतल्या जात होत्या तेव्हाही देवघरात बसून होती. पुष्कळ दिवसांनी मला म्हणाली, "देल्लेलं दान वापस मांगलं तं माह्या लेकराले गती भेटन का?" मला तिचा संताप आला, आणि त्याच वेळी तिच्याकडे बघवेना.

८. मी एसटीने गिरडला गेलो. ताट मागायला नाही, फक्त बूड बघायला. कैलासने ताट पुढे केले. बूड आरशासारखे घासलेले आणि त्यावर कैलासचे नाव.

"मामा, माही बायको काजल ताट घासे तवा ते लिवलेलं हाताले लागे आन धीरजच्या आठवणीनं रडत बसे ते. म्हनून तेरवीनंतर लगेच तुमच्याच दुकानात नाव बदलाले देल्लं. गजेंद्रभाऊनं बरेच दिवस ठेवून घेतलं."

घरी येऊन गजेंद्रला विचारले, "काऊन घासलं रे?"

तो घाबरला नाही. "शब्द माह्यापाशी लिवून हायेत, बाबा. तुमचा गडवा देजा, मंग बोलू."

म्हणजे ओसरीवर वहिनीला चोर म्हणत होता तेव्हा शब्द त्याच्या खिशात होते. त्या दिवसापासून मी गडवा उशाशी घेऊन झोपतो.

९. म्हणून घर व दुकान यांची व्यवस्था अशी. माझ्या मृत्यूपासून वर्षाच्या आत गजेंद्रने धीरजचे शब्द मयुरीला दिले, पेटी उघडली आणि आतले सगळे आचलच्या नावे झाले, तर घर व दुकान गजेंद्रचे. शब्द दिले नाहीत किंवा खोटे निघाले, तर दोन्ही आचलचे. सुमित्राबाईचा राहण्याचा हक्क दोन्ही वेळी कायम. पेटी कदाचित कधीच उघडणार नाही. पोटचा पोर आहे, मी त्याला ओळखतो.

१०. माझ्या तेरवीला रीतीप्रमाणे माझा गडवा कैलासला द्यायला निघतील. तो देऊ नये. कैलासला दुकानातला नवा द्यावा; त्याने हो म्हटले आहे. माझा गडवा त्याच ओसरीवर, चार माणसांत, मयुरीच्या हातात द्यावा, आणि देताना गजेंद्रला समोर उभे करावे.

हे सुमित्राबाईला वाचून दाखवले. ती म्हणाली, "मेलेल्याचं भांडं घरातच ठेवलं तं तुमाले गती नाई भेटनार."

न मिळो.

सही: बंडूजी तानबाजी साटोणे

आमच्यासमोर त्यांनी सही केली व त्यांच्यासमोर आम्ही केली:
साक्षीदार १: पुंडलिकराव झाडे, हिंगणी
साक्षीदार २: कैलास रूपराव कातोरे, गिरड

ठिकाण: हिंगणी
दिनांक: ११ नोव्हेंबर २०२५