रुमाल टाकलेली जागा

अण्णा, आज यांनी मला पुन्हा उभं ठेवलं. इथे अमेरिकेत, कॅरीतल्या आमच्याच घरात, आमच्याच सोफ्यावर, शेजारी रुमाल पसरून हे बसले होते. मी चहा घेऊन गेले, रुमाल उचलायला वाकले, तर म्हणाले, "अहो बाई, ती जागा धरलीय. बायको येतेय माझी." आणि दाराकडे बघत बसले. चहा गार झाला.

तुम्हाला तो रुमाल आठवत असेल. लग्नानंतर पहिल्यांदाच आम्ही भोरहून महाडला निघालो होतो, नेमके तुमच्याच गाडीने. तुम्ही कंडक्टर, खांद्याला बॅग. गाडी लागल्या लागल्या यांनी मोठ्या ऐटीत खिडकीतून रुमाल टाकला. तुम्ही तो दोन बोटांनी उचललात आणि भर गाडीत म्हणालात, "जावईबापू, रुमालाला तिकीट नसतं. आधी या आजी बसतील." यांचा चेहरा काय पडला होता! आणि दिवाळसणाला तुम्ही जावयाला अंगठी नाही, तर डझनभर पांढरे रुमाल दिलेत. आईनं कपाळाला हात लावला. हे मात्र खूश. तेव्हापासून यांच्या खिशात पांढराच रुमाल असतो.

रिटायर झाल्यावर हे हट्टालाच पेटले, अँडीज बघायचा तर बसनेच. लेक म्हणाली, "डॅड, प्लीज, टेक अ टूर." कसलं काय! कुस्कोहून बस बदलत बदलत आम्ही ला पाझकडे निघालो. डोंगर असले की आपला घाट म्हणजे घरातला जिना वाटावा. चार पावलं चाललं तरी धाप लागायची. अशात एका लहानशा गावी स्टँडवर बस लागते, गोल टोप्या घातलेल्या बायका गाठोडी सावरत पुढे होतात, आणि हे धावतच सुटतात. टाचा उंचावून खिडकीतून रुमाल आत! "अगं, ये लवकर, जागा धरली!" तिकिटांवर सीट नंबर छापलेले, आणि आमच्या जागा भलतीकडेच. त्या खिडकीशी आधीच बसलेल्या बाईच्या मांडीवर रुमाल पडला. ती खो खो हसली आणि मी तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. पुढच्या गावी यांनी पुन्हा टाकला. मी नंबर दाखवला, तर इकडेतिकडे बघत हळूच म्हणाले, "अण्णा कुठल्या गाडीवर आहेत गं आज? दिसले तर ओरडतील." तुम्हाला जाऊन तेव्हाच वीसेक वर्षं झाली होती. माझं हसू तिथेच थांबलं. पुढचा सगळा रस्ता मी यांचा हात धरून बसले. खिडकीखाली नुसती दरी. खोटं कशाला बोलू, गाडी आत्ताच खाली गेली तर बरं, दोघं एकदमच जाऊ, असं वाटत होतं.

नाही गेली. परत आलो. डॉक्टर झाले, स्कॅन झाले, गोळ्या झाल्या. लेक फोनवर म्हणते, "मॉम, जस्ट गो अलाँग विथ इट." तेही करून पाहिलं. एकदा मुद्दाम बाहेर गेले, बेल वाजवली, "आले हो मी," म्हणत आत आले. यांनी मला नीट न्याहाळलं आणि अगदी अदबीनं म्हणाले, "माफ करा, ती तरुण आहे हो." मी गॅरेजमध्ये जाऊन रडले. मला सहन होत नाही हो अण्णा. माझ्याच नवऱ्याच्या शेजारी, माझ्याचसाठी धरलेल्या जागेवर मला बसता येत नाही.

आज मी तुमच्यासारखं दरडावून म्हटलं, "रुमालाला तिकीट नसतं." हे केवढे हसले! "आमचे सासरे असंच म्हणायचे," म्हणाले, आणि भोरची ती सगळी गोष्ट मला सांगितली. परक्या बाईला सांगावी तशी. मी उभ्या उभ्या ऐकली.

हे पत्र टाकणार तरी कुठे. तुम्ही असतात तर तो रुमाल दोन बोटांनी उचलून मला बसवलं असतंत. मला तो उचलवत नाही. उलट रोज मीच तो धुते, इस्त्री करते आणि सकाळी यांच्या खिशात घालते. उद्याचा तयार आहे. ज्या दिवशी तो खिशातच राहील, त्या दिवसाची मला फार भीती वाटते.