खिशातली एकवीस फुलं

तीर्थस्वरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. (मनातल्या मनात. प्रत्यक्ष वाकलो तर पोटात जे काही आहे ते हलेल, अशी भीती वाटते.) तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला गेला का? आम्ही इथं खुशाल आहोत असं लिहिण्याची पद्धत आहे, म्हणून लिहितो. संध्याकाळचे सहा वाजले आहेत आणि अजून तरी मला श्वास येतो-जातो आहे.

तू औषधांच्या दुकानात तीस वर्षं काउंटरमागे उभी होतीस, म्हणून सारं खरं खरं सांगतो. तुझ्या भावजयीला पहिली मोठी ऑर्डर मिळाली होती. शाळेच्या मुख्याध्यापिका बाईंच्या निरोप समारंभासाठी तीन मजली केक, वर खाण्याची ताजी फुलं. तो जमला तर शाळेचं उपाहारगृह चालवायला मिळणार होतं. त्यासाठी तिनं गॅलरीत तीन महिने गुलाब आणि शेवंती वाढवली, कीडनाशक औषधाचा एक थेंबही न घालता. मला बजावलं होतं, "अहो, बुधवारपर्यंत एका पाकळीलाही हात लावायचा नाही."

पण रविवारी वाचनालयात माझं व्याख्यान होतं. विषय, 'फूल हे अन्न आहे'. ताई, मी आयुष्यभर जे बोललो ते करून दाखवलं. भय ही गुलामगिरीची पहिली पायरी आहे, माणूस फुलाला भितो कारण त्यानं ते फक्त फुलदाणीत पाहिलं आहे, असं गरजून मी ताटलीभर फुलं श्रोत्यांसमोर खाल्ली. (होय, गॅलरीतलीच. दुसरी कुठून आणणार?) टाळ्या थांबेनात. शेवटी संयोजकांनी मला भलामोठा पुष्पगुच्छ दिला. त्यातही गुलाब आणि शेवंतीच होती. मी तो न्हाणीघरातल्या बादलीत ठेवला आणि गॅलरीकडे पाहणं सोडून दिलं.

आज बुधवार. सकाळी ती म्हणाली, "फुलं खुडून आणा." गॅलरीत फक्त कळ्या आणि काटे होते. मी न्हाणीघरात जाऊन बादलीतल्या गुच्छाची फुलं परडीत भरून आणली. तिनं परडी हातात घेतली, एक गुलाब हुंगला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बरं." (जगातली मोठमोठी भाषणं मी वाचली आहेत, पण या एका शब्दाइतकं भीतीदायक त्यांत काही सापडलं नाही.) मग तिनं स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. नऊला लागलेलं दार एकला उघडलं, तेव्हा केक खोक्यात बंद होता.

मी रिक्षा बघायला खाली उतरलो, तर कोपऱ्यावरच्या फुलवालीनं हाक मारली. "साहेब, रविवारचा गुच्छ माझ्याकडचाच होता बरं का. सुकला की बकरीला वगैरे घालू नका. भरपूर फवारा मारलेला असतो."

"आणि माणसानं खाल्ला तर?"

"माणूस कशाला खाईल?" ती हसत म्हणाली. "माणसाला अक्कल असते."

ताई, रिक्षात मांडीवर खोकं, शेजारी तुझी भावजय, आणि समोर मला साठ माणसं ओळीनं आडवी झालेली दिसत होती. बोलायचं फक्त एक वाक्य होतं, 'हा केक खाऊ नका.' सत्तेला जाब विचारताना माझा आवाज कधी कापला नाही. पण सभागृहात बाईंनी सुरी उचलली, टेबलामागे नवा एप्रन घालून ही उभी, चेहऱ्यावर तीन महिन्यांची आशा. मी उठलो, तोंड उघडलं आणि ते वाक्य आलंच नाही. आलं ते "मित्रहो!"

पुढची चाळीस मिनिटं मी बोललो. शिक्षण या विषयावर बावीस मुद्दे मांडले आणि प्रत्येक मुद्द्याला केकवरचं एकेक फूल उपटून कोटाच्या खिशात टाकलं. लोकांना वाटलं, वक्तृत्वाचीच काहीतरी तऱ्हा असावी. केक पिसं काढलेल्या कोंबडीसारखा दिसू लागला. शेवटचं फूल हातात असताना पहिल्या रांगेतले कवायत मास्तर (रविवारी तेही होते) ओरडले, "आता खाऊन दाखवा!"

तत्त्व म्हणजे तत्त्व. खाल्लं. कुरकुरीत लागलं आणि गोड. अतिशय गोड! विष गोड असतं असं मी कुठंतरी वाचलं आहे.

नंतर सगळ्यांनी केक खाल्ला, मी एकेकाचा चेहरा न्याहाळत बसलो. कवायत मास्तरांना ठसका लागला तेव्हा मी जवळजवळ गुन्हा कबूल करणार होतो. बाई म्हणाल्या, "पदभार सोडण्याआधी उपाहारगृहाचं विचार करून कळवते." परतताना तुझी भावजय एवढंच म्हणाली, "झालं तुमचं?" तेव्हापासून भांडी घासते आहे. तीच तीच भांडी.

तुझा धाकटा (अद्याप जिवंत)

ता. क. खरं विचारायचं ते हे: फवारा मारलेलं एक फूल पोटात गेलं तर किती तासांनी कळतं? जिभेला मुंग्या आल्यासारखं वाटतं. उतारा लगेच कळव.

दुसरा ता. क. खुंटीवरच्या कोटाला मुंग्या लागल्या आहेत. खऱ्या मुंग्या, रांगेनं, खिशापर्यंत. आतलं एक फूल चाखलं. ताई, साखर आहे! एकवीसच्या एकवीस फुलं साखरेची! तिनं पुष्पगुच्छ कचऱ्यात टाकला, दार लावून चार तास बसून एकेक पाकळी घडवली, आणि मी ती तिच्या डोळ्यांदेखत उपटली. औषध नको, खोली हवी. तुमच्या माळ्यावर पंधरा दिवस राहू का? भांड्यांचा आवाज थांबला आहे. ती इकडेच

वन्सं, नमस्कार. पत्र यांच्या हातून काढून घेतलं. हे कुठंही येत नाहीत. बाईंचा आत्ताच फोन आला, काम मिळालं. केक फार आवडला म्हणाल्या, शुक्रवारी तसाच आणखी एक हवाय, फुलांसकट. अट एकच, सोबत नवरा आणायचा नाही. तेव्हा यांना इथंच राहू द्या. बावीस फुलं पुन्हा करायची आहेत, साखर मळायला दोन हात हवेत. तोंडाचं काम नाही.