कुवेतहून आलेल्या गोळ्या

पौड,
१२ फेब्रुवारी १९८४

प्रिय अलाउद्दीन,

अब्बा बरे आहेत, हे आधी वाच आणि मगच पुढे जा. डाव्या मनगटाला प्लास्टर आहे, कपाळावर टाके आहेत. पण जेवतात, रागावतात, दुकानातल्या घुंगरमाळा मी चुकीच्या खिळ्याला टांगल्या म्हणून ओरडतातही.

त्यांच्या लघवीच्या त्रासाबद्दल तुला मागे लिहिलं होतं. प्रोस्टेटची गाठ वाढलेली, लघवी तुंबायची, रात्रभर उठबस. ऑपरेशनचं नाव काढलं की अब्बा उठून बाहेर जायचे. मग पुण्याच्या डॉक्टरांनी एक बारीक गोळी सुरू केली. मूळची ब्लडप्रेशरची, पण लघवीची वाटही मोकळी करते म्हणाले. खरंच गुण आला. मुळशीच्या बाजाराला एसटीने जाऊन यायला लागले. कित्येक महिन्यांत गेले नव्हते.

तेवढ्यात तुझी बाटली आली. मीच तुला कळवलं होतं की अब्बांचं प्रेशरही थोडं वाढलंय. तू लिहिलंस, इथे दवाखान्यात चांगल्या गोळ्या मिळतात, अब्बांना द्या. अब्बांनी बाटली सगळ्या आळीला दाखवली. "पोराची हाय, परदेशी हाय," म्हणत पुण्याच्या गोळीसोबत तुझीही एक घेतली. मी शाळेत शिकवत होते. दुपारची नमाज आटोपून ते दुकान उघडायला उठले आणि पायरीवर उभे राहता राहता कोसळले. मी धावत पोचले तेव्हा चेहरा पांढराफटक, अंग घामाने चिंब. आळीतले लोक कांदा हुंगवत होते. मला वाटलं, संपलं.

दवाखान्यात नेल्यावर डॉक्टरांनी दोन्ही गोळ्या शेजारी ठेवल्या आणि म्हणाले, "बाई, दोन्ही एकाच जातीच्या आहेत. अल्फा ब्लॉकर. तुमची परदेशी तर कितीतरी जास्त ताकदीची." ही गोळी रक्ताच्या नळ्या सैल करते, म्हणून माणूस झटकन उभा राहिला की प्रेशर एकदम खाली येतं. पहिल्या गोळीला धोका सगळ्यात जास्त. म्हणून सुरुवात अगदी कमी ताकदीने, तीही झोपताना. मध्ये काही दिवस खंड पडला तर पुन्हा पहिल्यासारखीच सुरुवात करायची, तीही डॉक्टरांना विचारून. उठताना आधी बसायचं, पाय खाली सोडायचे, मग उभं राहायचं. गोळी वाईट नाही, अब्बांची बारीक गोळी प्रेशर तपासून पुन्हा सुरू झाली आहे. तुझी बाटली मात्र मी कुलपात ठेवली.

इथवर वाचून तू स्वतःला दोष देत असशील. देऊ नकोस. पत्र त्यासाठी नाही.

काल रजेवर आलेला भुकूमचा जयसिंग अब्बांना बघायला आला. तुझ्याच कंपनीतला म्हणून मी त्याला बाटली दाखवली, अशा गोळ्या कुणालाही मिळतात का, विचारलं. त्याने बाटली हातात घेऊन फिरवून पाहिली. मग म्हणाला, "आक्का, ह्या त्याच्याच हायेत. प्रेशरसाठी दिल्यात त्याला. चार दिस खातो, मग बंद करतो, घरी पाठवायला साठवतो. पुन्यांदा एकदम पुरी गोळी घेतो. मागल्या महिन्यात टाकी रंगवताना परांचीवरच डोळ्यापुढं अंधारी आली त्याच्या. मी दंड धरला म्हणून. डॉक्टरला सांगू देत न्हाई, नोकरी जाईल म्हणतो."

अलाउद्दीन, तू तिशीचाही नाहीस. तुला प्रेशर आहे हे मला जयसिंगकडून कळावं? अब्बांना मी काही बोललेले नाही. ते अजून म्हणतात, पोराची गोळी जरा भारी पडली, पण पोरगं काळजी घेतंय. मी मान डोलावते आणि चुलीपाशी येऊन बसते.

हे पत्र जयसिंगच्याच हाती देतेय. तो पोचेल त्या दिवसापासून परांचीवर चढू नकोस. कंपनीच्या डॉक्टरकडे जा, अंधारीचं सांग, सोडून सोडून खाल्ल्याचंही सांग. त्यांनी खाली उतरवलं तर खाली काम कर. घरी पाठवलं तर घरी ये. माझा पगार चालू आहे, अब्बांचं दुकान चालू आहे. आमच्यासाठी एकही गोळी वाचवू नकोस. अब्बांना उचलायला सगळी आळी धावली रे. तू त्या उंचीवरून गेलास तर आम्ही कुठून पोचणार?

तुझीच,
आबेदा आपा