वाऱ्यावर उभी राहिलेली गाडी

मु. पो. राजुरी, ता. जुन्नर
दि. ८ मार्च २००४

चि. द्रौपदा हीस,
तुझा वडील बंधू खंडू याचा सप्रेम जयभीम व अनेक आशीर्वाद. वि. वि.

येथील नव्या विहाराचे काम पूर्णत्वास आले असून बुद्धपौर्णिमेस उद्घाटन ठरले आहे. छप्पन साली दीक्षा घेतलेल्यांपैकी आपल्या घरात आपण दोघेच उरलो. पहिली मेणबत्ती तुझ्या हातून लागावी, असे मंडळींनी एकमुखाने ठरविले आहे.

दोन वर्षांपूर्वी पडून तुझा मणका दुखावला व तू खाटेस खिळलीस, जुन्नरला नेताना जीपच्या धक्क्यांनी तू बेशुद्ध पडलीस, आणि त्यानंतर कोणत्याही वाहनात बसणार नाही असे म्हणालीस, हे मी विसरलो नाही. म्हणूनच लिहितो. बांधकाम खात्याच्या ज्या पिकअपवर मी नोकरी केली व जी पुढे लिलावात घेतली, तिच्या स्प्रिंगच्या लोखंडी पाट्यांचे धक्के तुलाच काय, धडधाकट माणसासही सोसत नाहीत. परंतु चि. राजरत्नाने आपल्या आळेफाट्याच्या गॅरेजात एक युक्ती काढली आहे. मोठ्या आरामबसखाली रबराचे फुगे असतात व त्यांत हवा भरलेली असते. नवे फुगे आपल्या ऐपतीबाहेरचे आहेत. त्याने मोडीत निघालेल्या बसचे दोन फुगे व जुन्या ट्रकची हवेची टाकी आणली आहे. मागील पाट्यांतील मुख्य पाटी तेवढी ठेवून बाकी काढायच्या व तेथे हे फुगे बसवायचे.

हवेवर लोखंड कसे उभे राहील, हे माझ्या बुद्धीस अद्याप पटलेले नाही. तथापि काम सुरू करण्यास मी परवानगी दिली आहे.

ममता वृद्धिंगत व्हावी.
तुझा,
खंडूदादा

घाटघर
दि. १७ मार्च २००४

ति. खंडूदादास,
द्रौपदाचा सा. जयभीम. वि. वि.

मी सांगती अन सूनबाई ज्योत्स्ना लिवती. तिला म्हनलं, माझं बोलनं सुधरायचं न्हाई, हाय तसं लिव.

दादा, मेणबत्तीचं ऐकून मला रडू आलं. लई मन हाय यायचं. पन तुझी ती गाडी मला ठावं हाय. तिच्यात कांदं बी वरडत्यात. फुग्यावर बसून जायला मी काय जत्रंतली पोर हाय का? राजरत्न माझा गुनाचा भाचा हाय, पन बापासमोर त्याचं काय चालत न्हाई, ह्ये बी ठावं हाय.

तवा माझी एक अट. ठकूवहिनीला गाडग्यात दही लावाया सांग. त्ये गाडीच्या मागं ठेवून हितवर आन. सायीला भेग पडली न्हाई, तर मी बसंन. ताक झालं, तर मला पुन्यांदा बोलवायचं न्हाई. नुसतं तोंडी सांगनं मी मानायची न्हाई.

माया आहेच, ती ऱ्हाऊ द्यावी.
तुझी,
द्रौपदा

राजुरी
दि. १९ एप्रिल २००४

चि. द्रौपदा हीस,
सप्रेम जयभीम व आशीर्वाद. वि. वि.

गेल्या आठवड्यात तुझ्या दारी दह्याऐवजी ताक पोहोचले. तू पदर तोंडाशी नेऊन हसलीस, तेही मी पाहिले. तुझे म्हणणे रास्तच होते. राजरत्न हवा कमी भरा म्हणत होता. गाडी रिकामी असो वा भरलेली, हवा खडीच्या भाराचीच भरावयाची, हा खात्यातील चाकांचा शिरस्ता मी फुग्यांसही लावला. फुगे दगडासारखे ताठ झाले व गाडी पूर्वीपेक्षा अधिक उधळली.

घरी परतल्यावर मी राजरत्नास म्हणालो की, आता तुझ्या मताने भर. त्याने तू, ज्योत्स्ना व एक गादी एवढाच भार धरून हवा ठेवली. मग मी दह्याचे गाडगे घेऊन जुन्नरपर्यंत जाऊन आलो. खड्डा समोर दिसे, चाक त्यात उतरे, आणि मागे काहीच घडत नसे. आपण पोहतो तेव्हा पाणी अंगाखाली जसे वरखाली होते, तसे वाटले. घरी ठकूबाईने गाडगे उन्हात धरून पाहिले. साय अखंड होती.

त्यानंतर राजरत्नाने एक खटका दाबून हवा सोडली. गाडीचा मागील भाग सावकाश खाली येऊन जमिनीजवळ थांबला. तुला वर उचलावे लागणार नाही, खाट सरळ आत सरकेल. ज्या वाऱ्यावर आपली आई भात उफणीत असे, त्याच वाऱ्यावर एवढे लोखंड उभे राहते व म्हटल्यावर खाली बसते. मी आयुष्य गाडीवर घालविले, परंतु हात जोडावेसे त्या दिवशी प्रथमच वाटले.

तेच गाडगे तुझ्याकडे पाठविणार नाही. नवे दही घेऊन रविवारी स्वतः येतो. पाहून निर्णय दे.

लोभाची वाट पाहणारा,
खंडूदादा

घाटघर
दि. ९ मे २००४

ति. खंडूदादास,
द्रौपदाचा सा. जयभीम. वि. वि.

सायीला भेग न्हवती, म्हनून बसले; माघारी बी सुखरूप पोचले. मेणबत्ती माझ्या हातानं लागली. आता भांडते.

मला झोप लागली, तर उठवलं का न्हाई? सारा गाव विहारापुढं उनात ताटकळतोय, भन्तेजी बी, अन मी गाडीत घोरतीया. ज्योत्स्ना म्हनती, कुनी पुढं आलं की तू डोळं वटारायचास. एरवी तुझी शिस्त केवढी. मला लई शरम वाटली.

जबाब दे. राग धरू नको.
तुझी,
द्रौपदा

राजुरी
दि. १५ मे २००४

चि. द्रौपदा हीस,
सप्रेम जयभीम व आशीर्वाद. वि. वि.

तू जबाब मागितलास, तो देतो. नोकरीत मी कोणासही ताटकळत ठेवले नाही. त्या दिवशी ठेवले, व त्याचा मला खेद नाही.

विहारापुढे गाडी थांबवून मी मागील फळी उघडली. निघताना आम्ही तुला उताणे निजविले होते. तू कुशीवर वळलेली होतीस, हात गालाखाली घेऊन, लहानपणी निजत असस तशी. ज्योत्स्नेस विचारले, तर ती म्हणाली की आपण हात लावलेला नाही, सासूबाई स्वतःच वळल्या, आणि दोन वर्षांत त्या एकदाही आपल्या आपण वळल्या नव्हत्या. सांगताना तिचा आवाज इतका लहान झाला की मला वाकून ऐकावे लागले.

राजरत्न इंजिन बंद करू लागला, त्यास मी रोखले. घरघर थांबली असती तर तुला जाग आली असती. भन्तेजी पुढे आले, तुला पाहिले, आणि पायरीवर बसले. ते बसले तेव्हा सर्वच मंडळी जिथल्या तिथे बसली. बाळे रडली नाहीत असे नाही, परंतु आया त्यांना घेऊन दूर गेल्या. तू जागी होईपर्यंत कोणीही उद्घाटनाचा विषय काढला नाही.

शरम वाटण्याचे कारण नाही. पुढे कोठे जावयाचे मनात आहे, तेवढे कळव. हवा तुझ्याच भाराची ठेवली आहे.

तुझा,
खंडूदादा