तुमचं टपाल

तुम्ही असतात तर आधी खूप हसला असतात. ज्या रेडिओ स्टेशनने तुमचा कार्यक्रम बंद केला, तेच आता तुमच्यावर कार्यक्रम करतंय, आणि तुमची जुनी असिस्टंट म्हणून मला पाच मिनिटं बोलायचंय. उद्या सकाळी नॉटिंगहॅमला रेकॉर्डिंग आहे. 'आपले पहिले कृष्णवर्णीय डीजे' असं कागदावर मोठ्या अक्षरांत छापलंय. त्या शब्दाचा तुम्हाला किती राग! "पहिला, पहिला काय करता? सेकंड कुठाय?" असं तुम्ही स्टेशनच्या साहेबांना तोंडावर विचारलं होतंत.

मी पुण्याहून नवऱ्याच्या मागे आलेली, इंग्रजी बोलायला घाबरणारी. तुम्ही मला थेट श्रोत्यांचे फोन घ्यायला बसवलंत. पहिल्याच रविवारी कुणीतरी तुमच्याबद्दल घाणेरडं बोललं आणि मी फोन आपटला. गाणं संपू दिलंत. मग म्हणालात, "तो ऐकतोय ना, डक? मग तो माझा लिसनर आहे. माझ्यासाठी तू डिसाइड करू नकोस." तिकडे नॉटिंगहॅमला सगळेच सगळ्यांना प्रेमाने डक म्हणतात, तरी तुमच्या तोंडून ते ऐकलं की घरच्यासारखं वाटायचं. त्या दिवशी मात्र मला रडू आलं. पुढच्या रविवारी तुम्ही माझ्यासाठी तुमच्याकडचा, नारळाच्या दुधात शिजवलेला राजमा-भात आणलात आणि तुमचे जुने हेडफोन माझ्या गळ्यात घातलेत.

तरी मी ऐकलं नाहीच. तुमचं टपाल मी उघडायची. शिव्यांची पत्रं तिथेच फाडायची, गाण्यांच्या फर्माइशी तेवढ्या फाइलला लावायची. एक दिवस साहेबांनी ती फाइल मागवली. पत्रं किती येतात त्यावर कार्यक्रम टिकतो, आणि शिव्या देणाराही श्रोता म्हणून धरतात, हे मला तेव्हा कळलं. "हार्डली एनीवन राइट्स," फाइल हातात तोलत साहेब म्हणाले. बाहेर कार पार्कमध्ये तुम्ही मला विचारलंत, "एवढीच आली?" मी म्हटलं, "हो." तुम्ही रेकॉर्डची पेटी डिकीत ठेवलीत. त्यानंतर कार्यक्रम बंद झाला, आणि रिटायर होईपर्यंत तुम्ही नुसती रोजच्या नोकरीची बस चालवलीत.

उद्याच्या कागदावर लिहिलंय, काळ बदलला म्हणून कार्यक्रम थांबला. तेच वाचू की खरं सांगू? तुमची मुलगी तिथे असणार, तिच्या हातात द्यायला म्हणून हे लिहायला घेतलं. पण नाही देववणार. हेडफोनच्या खोक्यातच ठेवते. तुम्हाला त्रास नको म्हणून पत्रं फाडली, असं नवऱ्यालाही सांगत आले. ते खरं नाही. त्यातल्या बऱ्याच पत्रांत मीही होते. 'त्याला हाकला, आणि फोनवरच्या त्या इंडियन बाईलाही.' शिव्यांतसुद्धा मला तुमच्या शेजारी बसायचं नव्हतं.